तिथं म्हणजे कुठं?

गेली बावीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. पंडिती काव्य हा माझा आवडता विषय. त्यातली नायिकावर्णने शिकवायची वेळ आली की वर्गात नेहमीची चुळबुळ सुरू होते. मागच्या बाकावरची मुले माना खाली घालतात, मुली वहीत उगीच रेघोट्या ओढू लागतात. मी मात्र पयोधर, उरोज, वक्षोज, कुच अशा शब्दांतून न अडखळता पुढे जात असे. भाषेच्या माणसाने शब्दाला लाजू नये, असे एक छोटेसे व्याख्यानही वर ऐकवीत असे. ते व्याख्यान मी २०२२ च्या दिवाळीपासून बंद केले आहे. त्याचीच ही हकीकत.

आमच्या माहेरी नरकचतुर्दशीचा थाट अजून जुनाच आहे. पहाटे चारला आई सगळ्यांना उठवते. पाट, पाटाभोवती रांगोळी, वाटीत कोमट तेल, उटणे. आम्ही दोघी बहिणी संसाराला लागून किती वर्षे झाली, तरी त्या दिवशी आमच्या पाठीला तेल लावायचा हक्क आईचा! फक्त २०१३ पासून ताईने तो हक्क काढून घेतला होता. त्या वर्षी तिला डाव्या स्तनाचा कर्करोग झाला. स्तन काढावा लागला आणि त्याच शस्त्रक्रियेत त्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले. ताई बरी झाली, ठाण्याहून लोकलने ऑफिसला जाऊ लागली. दिवाळीला मात्र ती न्हाणीघराचे दार लावून एकटीच न्हायची. आम्ही कुणी काही विचारले नाही. न विचारणे म्हणजेच समजूतदारपणा, असे आम्हांला वाटत होते.

२०२२ च्या दिवाळीत तिनेच आतून हाक मारली. “जरा पाठीला तेल लाव गं. हात मागे जात नाही.” मी आत गेले आणि तेलाची वाटी हातातच राहिली. डावी बाजू उजवीहून चांगलीच मोठी दिसत होती.

“हे काय गं ताई?”

“काही नाही. तिथं जरा जड वाटतंय. दोन-तीन महिने झाले. लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहायचं, त्यानं होत असेल. आणि वय काय कमी झालं? आईला सांगू नकोस हं, सणाचं.”

पहिली पाच वर्षे ती नेमाने तपासणीला जात होती. पुढे डॉक्टरांनी वर्षातून एकदा यायला सांगितले, मग करोनाची साथ आली आणि तेही राहून गेले. भाऊजींना तिने काही सांगितले नव्हते. सांगणार तरी कोणत्या शब्दांत?

भाऊबीज झाल्यावर मी तिला एका सर्जनबाईंकडे घेऊन गेले. वयाने आमच्याहून लहान, बोलायला सरळ.

“काय होतंय?” त्यांनी विचारले.

“तिथं जरा जड वाटतं,” ताई म्हणाली.

“तिथं म्हणजे कुठं?”

ताईने माझ्याकडे पाहिले. मराठीची एम. ए. बहीण शेजारी बसलेली! आणि मी काय म्हणावे? “म्हणजे... ऑपरेशन झालं होतं ना, त्या बाजूला.” माझ्या तोंडून एवढेच निघाले. अमरकोशातले सगळे पर्याय माझ्या घशात अडकून बसले होते.

“डाव्या स्तनात सूज आहे, असंच ना?” डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. “मग तसं म्हणा. ‘तिथं’वर मला औषध देता येत नाही.”

तपासून झाल्यावर त्यांनी इम्प्लांटचे कार्ड मागितले. कसले कार्ड? शस्त्रक्रियेच्या वेळी मिळते म्हणे. त्यावर इम्प्लांट कोणत्या बनावटीचे, त्याचा क्रमांक काय, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, हे सारे लिहिलेले असते. दोन दिवस ताईचे घर आम्ही पालथे घातले. शेवटी ते सापडले मिक्सरच्या हमीपत्राबरोबर एका पिशवीत. मिक्सरची हमी दोन वर्षांची, हे ताईला तोंडपाठ. शरीरात बसवलेली वस्तू किती वर्षे टिकते, हे मात्र नऊ वर्षांत आम्ही कुणी विचारले नव्हते.

“ही जन्मभराची वस्तू नव्हे,” डॉक्टरीणबाईंनी सांगितले. “दिवस जातात तशा तक्रारींची शक्यता वाढते.” मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. इम्प्लांट बसवले की शरीर त्याच्याभोवती आपल्या उतींचे एक वेष्टन तयार करते. काहींच्या बाबतीत ते आवळत जाते, स्तन कडक होतो, दुखतो, त्याचा आकार बदलतो. कधी सिलिकॉनची पिशवीच फाटते, आणि गंमत अशी की बाहेरून काही कळतही नाही. म्हणून काही त्रास नसला तरी सिलिकॉनच्या इम्प्लांटची पाच-सहा वर्षांनी पहिली आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुचवले आहे.

आणि ताईसारखी, पुष्कळ वर्षांनी अचानक सूज आली तर? सूज म्हणजे बहुधा आत साठलेले पाणी. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असते. पण क्वचित त्यामागे लसिकापेशींचा एक दुर्मीळ कर्करोग असतो. हा स्तनाचा कर्करोग नव्हे. तो इम्प्लांटभोवतीच्या पाण्यात आणि वेष्टनात वाढतो. अमेरिकेने २०११ मध्ये या संबंधाकडे लक्ष वेधले, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद घेतली. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटांत तो अधिक आढळला, आणि २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीला तसली इम्प्लांट जगभरातून परत बोलवावी लागली. वेळेवर कळला तर इम्प्लांट आणि वेष्टन काढून टाकणे बहुधा पुरेसे होते. वेळेवर कळला तर!

ताईच्या कार्डावर ‘गुळगुळीत’ असे होते. बाईंचा चेहरा जरा सैल झाला, पण सुईने पाणी काढून तपासायला पाठवलेच. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी रोज फोन करी आणि आम्ही हवेपाण्याच्या गप्पा मारीत असू.

रात्री झोप येईना म्हणून मी वाचत बसे. सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवले गेले. टिमी जीन लिंडसे ही बाई छातीवरचे गोंदण काढायला गेली होती. तिला म्हणे कान नीट करून हवे होते! पुढे १९९२ मध्ये अमेरिकेने या इम्प्लांटांच्या सर्रास वापरावर बंदी घातली, २००६ मध्ये ती उठली. फ्रान्समध्ये २०१० साली उघडकीस आले की पॉली इम्प्लांट प्रोथेस या कंपनीने वैद्यकीय सिलिकॉनऐवजी कारखान्यांतल्या कामाचे सिलिकॉन भरले होते. तिच्या मालकाला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. हे वाचताना वाटले, या साऱ्या गोष्टी उजेडात आल्या त्या कुणीतरी तोंड उघडले म्हणून.

अहवाल आला. कर्करोग नव्हता. एमआरआयमध्ये मात्र पिशवी फाटल्याचे दिसले. २०२३ च्या जानेवारीत इम्प्लांट आणि वेष्टन दोन्ही काढले. नवे बसवायचे का, असे बाईंनी विचारले. भाऊजी म्हणाले, “तुला बरं वाटेल तसं कर.” ताईने दोन दिवस विचार केला आणि ‘नको’ म्हणाली. याचा अर्थ तिचे पहिले बसवणे चुकले होते, असा मुळीच नव्हे. त्या इम्प्लांटने तिला नऊ वर्षे आरशासमोर उभे राहायचे बळ दिले होते. शिवाय ज्यांना काही त्रास नाही त्यांनी ते धास्तीने काढून टाकण्याचेही कारण नाही, हे बाईंनी निक्षून सांगितले.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत आणखी एक बाई भेटल्या. त्यांना सदा थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा. घरचे म्हणत, मनाचे खेळ. या त्रासाला नेमकी चाचणी नाही, कारणही अजून पुरते उलगडलेले नाही. पण इम्प्लांट काढल्यावर काही जणींना आराम पडतो. “डॉक्टरांनी माझं म्हणणं लिहून तरी घेतलं,” असे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला ताई पाटावर बसली आणि म्हणाली, “आई, ये, तेल लाव.” आईने दहा वर्षांनी तिच्या पाठीला तेल लावले. छातीवरचा व्रण पाहिला, त्यावरून हात फिरवला आणि काही बोलली नाही. मग एकदम माझ्याकडे वळली. “आणि गं तू? सख्ख्या बहिणीला झालं होतं. तू कधी तपासून घेतलंस?”

मी घेतले नव्हते. एवढे सारे वाचूनसुद्धा!

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत मी रुग्णालयात गेले. खिडकीशी बसलेल्या मुलाने मान वर न करता विचारले, “कशाची तपासणी?”

माझ्यामागे रांग होती. त्यात माझा एक जुना विद्यार्थीही उभा होता.

“स्तनांची,” मी म्हणाले. मुलाने तसे लिहून घेतले, पावती फाडली आणि पुढच्याला हाक मारली. बस्, एवढेच झाले.