डेन्व्हरच्या चढावर न ओढणारी गाडी

कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०९ मीटर, म्हणजे एक मैल, उंचीवर वसलेली असून पश्चिमेला रॉकी पर्वत उभा असल्यामुळे इथल्या कित्येक घरांच्या शनिवार-रविवारला एक ठरावीक वळण लागलेले दिसते : डिझेल पिकअप ट्रकच्या मागे राहण्याजोगा ट्रेलर किंवा होडी जोडायची आणि आय-७० महामार्गाने डोंगराची वाट धरायची. या प्रथेत सामील झालेल्या मराठी माणसाच्या तोंडी कधी ना कधी गॅरेजमधली जुनीच तक्रार येते, ती म्हणजे ‘गाडी ओढत नाही’. मात्र बोरघाटात या शब्दांचा जो अर्थ होतो तो इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण इथे शक्ती हरवण्याचा काही भाग डोंगराच्या खाती जमा असतो आणि निदानाची सुरुवात ही वजाबाकी करण्यापासून व्हावी लागते.

डेन्व्हरपासून सुमारे ९५ किलोमीटरवरचा, १९७३ साली खुला झालेला आयझेनहॉवर बोगदा जवळपास ३,४०० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीवर सुमारे १०१ किलोपास्कल असणारा हवेचा दाब डेन्व्हरमध्ये ८३ च्या आसपास आणि बोगद्यापाशी ६७ च्या आसपास उतरतो, म्हणजे इंजिनाला एरवीच्या दोन-तृतीयांश दाबाची हवा मिळते. टर्बोचार्जर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंनी टर्बाइन फिरवून त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने सिलिंडरात दाबून हवा भरणारे यंत्र, ही तूट बरीचशी भरून काढतो, पण त्यासाठी त्याला अधिक वेगाने फिरावे लागते आणि त्या वेगाची मर्यादा जवळ आली की संगणक स्वतःहून डिझेल कमी करतो. ट्रक आणि ट्रेलर मिळून ७ टन वजन ६ टक्के चढावर ताशी ९० किलोमीटरने न्यायचे, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १४० अश्वशक्ती खर्ची पडते. हवेचा आणि टायरांचा अवरोध त्याहून वेगळा. एवढे मान्य केल्यावरही गाडी मागच्या उन्हाळ्यापेक्षा एक गियर खाली चढत असेल, तरच तिच्यात बिघाड आहे असे म्हणता येते.

कोथरूडमधल्या इंजिन कारखान्यामुळे पुणेकराला घरचे वाटणारे कमिन्स हे नाव अमेरिकेत १९८९ पासून डॉज, आणि पुढे रॅम, पिकअप ट्रकवरही दिसते, त्यामुळे डिझेल आपल्याला कळते असा विश्वास त्याच्याकडे असतो. आणि नेमका तोच त्याला फसवतो. धुराचा रंग पाहून रोग ओळखण्याची मिस्त्रीची विद्या (काळा धूर म्हणजे हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळते, पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल) अमेरिकेतील २००७ नंतरच्या ट्रकांवर बरीचशी निकामी ठरते, कारण सायलेन्सरच्या आधी बसवलेली काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, काळा धूर बाहेर येऊच देत नाही. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर असतो. त्याचा रबरी होज फाटला किंवा क्लॅम्प ढिला झाला, तर दाबाखाली हवा निसटते, डिझेल अपुरे जळते आणि वाढलेली काजळी या गाळणीत साठत जाते. अशा वेळी गाळणी वारंवार स्वतःला तापवून काजळी जाळू लागते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या धुराची खूण तीच समजावी. होजच्या सांध्यावर तेलकट ओल दिसली की तिथे साबणाचे पाणी लावून, बंद इंजिनात बेताच्या दाबाने हवा भरून बुडबुडे पाहणे, हा उपाय मात्र पंक्चरवाल्याइतकाच जुना आणि भरवशाचा आहे.

डिझेल फिल्टरची गोष्ट वेगळी. रिकाम्या गाडीला लागणारे थोडे इंधन अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधूनही निभावते. चढावर मागणी कित्येक पटींनी वाढली की कॉमन रेलमधला, म्हणजे सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, दाब घसरतो आणि पी ००८७ हा संकेतांक नोंदला जातो. टर्बोचा दाब अपुरा पडल्यास पी ०२९९ उमटतो. असा अंक बिघडलेला सुटा भाग सांगत नाही, केवळ लक्षण सांगतो, हे विसरून थेट नवा टर्बो मागवणारे लोक फाटक्या होजपायी फार मोठी किंमत मोजतात.

डोंगरावर उघड होणारा दोष पुष्कळदा शहरात तयार झालेला असतो. सोमवार ते शुक्रवार मुलांची शाळा आणि वाणसामान एवढ्याच फेऱ्या झाल्या, तर गाळणीतली काजळी जळण्याइतकी उष्णता कधी निर्माणच होत नाही, आणि टर्बोमधली वायूंचा झोत नियंत्रित करणारी हलती पाती काजळीने अडकू लागतात. पुढे शनिवारी ट्रेलर जोडला की आठवडाभराची वसुली एकाच चढावर होते. सात टन ओढणारी गाडी दुधाची पिशवी आणायला वापरणे ही अमेरिकी उपनगराची खास उधळपट्टी आहे.

गॅरेजमध्ये आणखी एक अडचण उभी राहते. तिथला मेकॅनिक ट्रेलरविना, सपाट रस्त्यावर गाडी फिरवून पाहतो आणि दोष नाही असे प्रामाणिकपणे लिहून देतो, कारण हा दोष ओझ्याखालीच प्रकटतो. म्हणून चढ चढत असताना स्कॅनरवर मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला हवेचा दाब, तसाच रेलमधला दाब, सोबत्याने नोंदवून ठेवणे उपयोगी ठरते. ती नोंद वाचण्याआधी मात्र सेन्सर तपासावा : इंजिन बराच वेळ बंद ठेवून नुसती चावी फिरवली असता इनटेकमधला दाब बाहेरच्या हवेइतकाच दिसला पाहिजे. मुंबईत तो आकडा १०० च्या आसपास असेल तर सेन्सर ठीक आहे; डेन्व्हरच्या अंगणात १०० दिसले, तर तो खोटे सांगतो आहे.