फलटणचा उन्हाळा आणि घरातल्या दोन बोली

पुण्याहून सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद करत फलटण साधारण ११० किलोमीटर पडते. मे महिन्यात लहान लेकरू घेऊन हा रस्ता धरायचा असेल, तर फजरची नमाज झाली की निघावे. नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. पुढे लोणंद, मग तरडगाव, आणि ऊन चढायच्या आत माहेरचे दार.

साताऱ्याचे नाव काढले की लोकांना महाबळेश्वरचा गारवा आठवतो. फलटण मात्र पर्जन्यछायेतला तालुका. इथला पाऊस बेताचा. शेतात ऊस दिसतो तो नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायचे नाही, हा इथला जुना नियम. आमची लेक वीस महिन्यांची आहे. तिच्यासाठी त्या चार तासांत ओली चादर खिडकीला, दहीभात, कलिंगडाच्या बिया काढलेल्या फोडी आणि नानीच्या मांडीवर झोप.

खरा दिवस असरनंतर सुरू होतो. शनिवारी अंगणात पाण्याचे घमेले ठेवले. लेक त्यात बसली आणि शेजारची शेळी कुंपणापाशी आली. अम्मी म्हणाल्या, “देख, बकरी!” पलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, शेळी आली बघ तुझी.” लेकीने दोघींकडे पाहिले आणि शेळीला हाक मारली, “बें!” संध्याकाळपर्यंत मात्र ती अम्मींसमोर “बकई” आणि काकूंसमोर “शेई” म्हणू लागली होती. कोणासमोर कोणता शब्द चालतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते.

मी हे इतके लक्ष देऊन पाहत होते, त्याला कारण होते. जूनपासून तिला पुण्यात प्लेग्रुपला घालायचे आहे. चौकशीला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी विचारले, “घरी कोणती भाषा बोलता?” मी म्हटले, आम्ही घरात दख्खनी बोलतो, दाराबाहेर मराठी. बाई म्हणाल्या, “दोन-दोन भाषांनी मूल गोंधळते. आतापासून फक्त इंग्रजी बोला.” तिच्या अब्बांना ते पटले. मला पटले नाही, पण उत्तरही सुचले नाही. लेकीचे शब्द थोडे आहेत, ही काळजी दोघांच्याही मनात होती.

या प्रश्नाचा विचार करायला फलटणसारखे गाव नाही. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या बाई १९६० च्या दशकात इथे आल्या आणि त्यांनी फलटणच्याच बोलीवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. गावातली वेगवेगळी माणसे मराठी कशी बोलतात, हा त्यांचा विषय. पुढे त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि फलटणलाच राहिल्या. शाळेतून गळालेल्या वस्तीतल्या मुलांना त्यांनी वाचायला शिकवले. त्यातूनच १९८० च्या दशकात कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. मुलाची घरची बोली अशुद्ध म्हणून खोडायची नाही, तिच्यावरच वाचन-लेखन उभे करायचे, ही त्या कामामागची समज. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे.

आपली दख्खनी बोली तर मराठीच्या मांडीवरच वाढलेली. अम्मी लेकीला विचारतात, “दूद नक्को? तो क्या होना?” हा “नक्को” म्हणजे मराठीतला “नको”. “इधरच बैठ” मधला “च” हाही मराठीचाच. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहीम आदिलशाह याने ‘किताब-ए-नौरस’ याच दख्खनीत लिहिले. फलटणचे नाईक निंबाळकर त्याच आदिलशाही दरबाराचे सरदार. दुसऱ्या बाजूला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. दोन भाषा एका घरात नांदणे ही आपल्याकडे काही शतकांची रीत आहे. त्याने कोणी मुके राहिल्याचे ऐकिवात नाही.

रविवारी उन्हे कलल्यावर मुधोजी मनमोहन राजवाड्याकडे चक्कर मारली. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई याच निंबाळकर घराण्यातल्या, म्हणजे संभाजी महाराजांचे हे आजोळ. लेकीला त्याचे काय! तिला दाराबाहेरची कबुतरे पुरेशी होती. फुगेवाल्याने “कुठला देऊ?” विचारले, तर म्हणाली, “लाल नक्को.” दोन शब्द जोडून ती पहिल्यांदाच बोलली. तिचे अब्बा माझ्याकडे पाहून हसले.

ज्यांच्या घरात अशीच काळजी आहे, त्या आयांसाठी दोन गोष्टी. दोन भाषा ऐकल्याने मुलाचे बोलणे अडत नाही, असेच अभ्यासक सांगतात. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजावेत. “बकरी” आणि “शेळी” हे दोन धरायचे. दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी यावी, असा ढोबळ अंदाज असतो. तेवढे नसेल तर भाषा बदलत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि मुलाचे कान तपासून घ्यावेत. मोबाइलवरची गाणी बोलणे शिकवत नाहीत. समोर बसून, डोळ्यांत पाहून, उत्तराची वाट बघत बोलणारे माणूस लागते, आणि ते माणूस ज्या भाषेत मनापासून बोलते तीच भाषा मुलाला जास्त मिळते.

जूनमध्ये लेक प्लेग्रुपला जाईल. इंग्रजी तिथे येईलच, इन्शाअल्लाह. घरात मात्र दख्खनी आणि मराठीच राहील, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. रोज मगरिबनंतर नानीचा फोन येतो. तेव्हा आम्ही दोघे गप्प बसतो आणि लेकीला बोलू देतो.