माजरी ते लुंबिनी : लहान मुलांसह पहिला परदेशप्रवास

वर्धा नदीकाठच्या कोळसा खाणींमुळे आणि वर्धा–बल्लारशाह मार्गावरून वणीकडे फुटणाऱ्या लोहमार्गामुळे ओळखल्या जाणाऱ्या माजरीतून एखादे कुटुंब लहान मुलांसह प्रथमच परदेशी जायचे ठरवते, तेव्हा नेपाळातील लुंबिनी हे त्याला सर्वांत परवडणारे ठिकाण ठरते. इतर देशांसाठी पती, पत्नी आणि दोन मुले यांचे पासपोर्ट काढायचे झाल्यास प्रौढांचे प्रत्येकी 1,500 आणि अल्पवयीनांचे प्रत्येकी 1,000 याप्रमाणे साधारण 5,000 रुपये घर सोडण्यापूर्वीच खर्च होतात, आणि मुलाने दोन वर्षे पूर्ण केली की विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागते. नेपाळसाठी मात्र भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. प्रौढांना मतदार ओळखपत्र चालते आणि पंधरा वर्षांखालील मुलांना छायाचित्र असलेला ओळखीचा पुरावा पुरतो. दोन्ही देशांतील ही मोकळीक 1950 च्या शांतता व मैत्री करारातून आलेली आहे.

तथापि केवळ स्वस्ताई हे या निवडीचे कारण मानणे अपुरे ठरेल. माजरीच्या जवळच असलेल्या भद्रावतीत विजासन येथील बौद्ध लेणी आहेत. 16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली आणि पुढच्याच महिन्यात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांसाठी लुंबिनी, म्हणजे बुद्धाचे जन्मस्थान, हे घरात नित्य उच्चारले जाणारे नाव आहे, आणि जे नाव मुलाने आजीच्या तोंडून ऐकलेले असते त्या ठिकाणी त्याला नेण्याचे मोल कोणत्याही सहल कंपनीच्या कार्यक्रमात मोजता येणार नाही.

माजरीहून नागपूर, तेथून गोरखपूर आणि पुढे रस्त्याने सुमारे 90 किलोमीटरवरील सीमेवरचे सोनौली हा सोयीचा मार्ग होय. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र शायिका न घेतल्यास तिकीट लागत नाही. परंतु नागपूर–गोरखपूर प्रवास जवळपास एक दिवस-रात्र चालत असल्याने शायिकेचा पैसा वाचवू नये, कारण न झोपलेले मूल पुढचे दोन दिवस साऱ्यांनाच थकवते. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशातील धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून दिवाळीची सुटी अधिक योग्य.

सोनौलीची सीमेवरची कमान पायी ओलांडता येते, आणि देश बदलतो म्हणजे नेमके काय होते हे मुलांना येथे डोळ्यांनी दिसते : पाट्यांवरची भाषा बदलते, घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते, आणि 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये होतात. हा दर 1993 पासून स्थिर असल्याने खर्चाचा हिशेब आधीच मांडता येतो. सुटे पैसे मात्र शंभराच्या नोटांत जवळ ठेवावेत, कारण मोठ्या भारतीय नोटांवर तेथे वेळोवेळी निर्बंध आलेले आहेत.

लुंबिनीचा परिसर जपानी वास्तुशास्त्रज्ञ केन्झो टांगे यांच्या 1978 च्या आराखड्यानुसार विकसित झाला असून तो उत्तर-दक्षिण सुमारे पाच किलोमीटर पसरलेला आहे. मधोमध कालवा, पूर्वेस थेरवादी म्हणजे प्राचीन पाली परंपरेचे विहार आणि पश्चिमेस महायान पंथाचे विहार, अशी त्याची मांडणी आहे. लहान पायांना हे अंतर झेपत नाही, म्हणून ई-रिक्षा ठरवावी आणि मायादेवी मंदिर सकाळीच पाहावे, कारण तेथे अनवाणी जावे लागते आणि दुपारी फरशी तापते. मंदिराशेजारील अशोकस्तंभावरील ब्राह्मी लिपीतील लेख सांगतो की, राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोक येथे स्वतः आला, बुद्धाचा जन्म येथे झाला म्हणून त्याने गावाचा ‘बलि’ नावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातील राजाचा हिस्सा एक-अष्टमांशावर आणला. या लेखाचा अर्थ मुलांना तेथेच उभे राहून सांगावा. करमाफीची गोष्ट त्यांना मूर्तींपेक्षा लवकर कळते.

येथून पोखऱ्याला जाण्याचा मोह पुष्कळांना होतो, परंतु तिकडे नेणारा सिद्धार्थ राजमार्ग हा वळणावळणाचा घाट असून गाडी लागणाऱ्या मुलांना तो अतिशय त्रासाचा ठरतो. त्याऐवजी परतताना गोरखपूरहून सुमारे 50 किलोमीटरवरील कुशीनगर, म्हणजे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे स्थान, एका दिवसात पाहून त्याच रात्री नागपूरची गाडी धरणे खर्चालाही सोसते आणि मुलांनाही.