नोकरीत राहून पदवी : खानदेशातील शिकाऊ तंत्रज्ञांचा अनुभव

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतून बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. होऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यासमोर जे मोजके मार्ग असतात, त्यांपैकी एकाचा विचार येथे करायचा आहे : मोठी तंत्रज्ञान कंपनी त्याला कामावर घेते, दरमहा विद्यावेतन देते आणि त्याच काळात एखाद्या विद्यापीठाची पुढची पदवी त्याला मिळेल अशी व्यवस्थाही करते. ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेमुळे महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची आहे. परंतु त्या योजनेत शिक्षणाचा खर्च निघावा आणि श्रमाला प्रतिष्ठा मिळावी हा हेतू प्रधान असे, केलेल्या कामाचा अभ्यासविषयाशी संबंध असेलच असे नसे. येथे मात्र काम हाच अभ्यासाचा भाग असतो. प्रस्तुत लेखक स्वतः अशा व्यवस्थेतून गेलेला असल्याने पुढील विवेचनाला त्या अनुभवाचा आधार आहे.

या व्यवस्थेचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला कायद्याने घडवलेला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचा भर आरंभी फिटर, टर्नर यांसारख्या कारखानी व्यवसायांवर होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने अन्य शाखांच्या पदवीधरांनाही वाट मोकळी झाली. २०१९ च्या सुधारित नियमांनी तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले आणि पदवीधरासाठी किमान मासिक विद्यावेतन ९,००० रुपये ठरवले, तर २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. दुसरा प्रकार कंपन्यांनी विद्यापीठांशी थेट करार करून उभा केलेला आहे. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो. याउलट या दुसऱ्या प्रकारात उमेदवार कंपनीच्या पटावर येतो, आणि पदवीचा खर्च कंपनी उचलत असल्यामुळे ठरावीक वर्षे तिथेच काम करण्याचा लेखी सेवाकरार, ज्याला सगळे ‘बाँड’ म्हणतात, त्याला करून द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये २०१५ पासून ‘डिग्री अप्रेंटिसशिप’ या नावाने चालणाऱ्या योजनेत शिक्षणशुल्क विद्यार्थ्यावर पडत नाही आणि २०१७ पासून मोठ्या आस्थापनांच्या वेतनखर्चावर त्यासाठी स्वतंत्र आकारणी होते. खर्चाचा भार असा सर्व मोठ्या कंपन्यांवर वाटला गेला, तर उमेदवाराला बांधून ठेवण्याची निकड कमी होते, हा मुद्दा भारतात अधिक गांभीर्याने घेतला गेला पाहिजे.

दुसऱ्या प्रकाराच्या इतिहासात खानदेशाचा धागा आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तूप काढणारी कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी त्याच गावात प्रताप महाविद्यालय सुरू झाले. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांनी एकविसाव्या वर्षी सूत्रे हाती घेतली, पुढे कंपनीचे नाव विप्रो झाले आणि ती संगणक व सॉफ्टवेअरकडे वळली. याच विप्रोने १९९५ मध्ये पिलानीच्या बिट्स या संस्थेच्या सहकार्याने विज्ञान पदवीधरांना नोकरीत घेऊन सॉफ्टवेअरमधील पदव्युत्तर पदवी देणारा उपक्रम सुरू केला. तशा प्रकारच्या योजना पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही आणल्या. तेलबिया गाळण्याच्या उद्योगासाठी अमळनेर निवडले गेले होते, परंतु सॉफ्टवेअरचे काम बंगळूर, पुणे, हैदराबाद येथे एकवटले, त्यामुळे अमळनेरच्या मुलाला अमळनेरात जन्मलेल्या कंपनीत शिरायचे तरी गाव सोडावे लागते.

या मार्गाने कोण जातो, हे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय, अमळनेरचे प्रताप किंवा धुळ्याची विज्ञान महाविद्यालये येथील संगणकशास्त्राच्या वर्गांत कोरडवाहू कापसावर चालणाऱ्या घरांतली मुले असतात, ज्यांच्या पालकांना अभियांत्रिकीच्या चार वर्षांचे शुल्क झेपणारे नसते आणि शिक्षणकर्जासाठी बँकेत तारण ठेवावे असेही काही हाताशी नसते. अशा घरात मुलगा किंवा मुलगी एकविसाव्या वर्षी पैसे पाठवू लागते आणि तरीही शिक्षण सुटत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. मुलींच्या बाबतीत तर ‘अजून शिकतेय’ हे उत्तर लग्नाची घाई काही वर्षे थोपवून धरते, असे प्रस्तुत लेखकाच्या बरोबरीच्या अनेक घरांत घडले.

शिक्षण म्हणून या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात क्रम उलटतो : महाविद्यालयात आधी सिद्धान्त येतो आणि त्याची गरज कधी पडेल हे ठाऊक नसते, येथे गरज आधी येते. एक उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. नव्या उमेदवाराकडे प्रथम ‘टिकेट’ येतात, म्हणजे ग्राहकाने नोंदवलेल्या अडचणी एकेक करून सोडवायला दिल्या जातात. गोदामातील मालाचा रोजचा अहवाल फार उशिरा उघडतो, अशी एक टिकेट होती. अहवालामागील क्वेरी, म्हणजे माहितीसाठ्याला विचारलेला प्रश्न, हवा तो माल शोधण्यासाठी तक्त्यातील प्रत्येक ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होती. त्याच आठवड्याच्या शनिवारी विद्यापीठाच्या वर्गात ‘इंडेक्स’ हा विषय निघाला : जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असावी तशी माहितीची क्रमवार सूची वेगळी ठेवली, तर सगळ्या ओळी न चाळता थेट जागा सापडते. सोमवारी त्या तक्त्यावर इंडेक्स घालण्याचा प्रस्ताव तयार झाला.

तथापि खरे शिकणे त्यानंतर झाले. लिहिलेला कोड वापरात जाण्यापूर्वी अनुभवी सहकाऱ्याने तो ओळ न् ओळ तपासायचा असतो. या पद्धतीला ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात. तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी प्रस्ताव मान्य करण्याआधी एवढेच विचारले, की गोदामात दिवसभर नवा माल चढत असतो, तर प्रत्येक नोंदीबरोबर ही सूचीही अद्ययावत करावी लागणार, त्याचा वेळ कोणी मोजला आहे काय? वाचन जलद होते तेव्हा लेखन काही अंशी मंदावते, हे पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येऊन जाते, परीक्षेत त्यावर गुणही मिळतात, पण दोन्ही बाजूंचा वेळ मोजून निर्णय घेण्याची सवय त्या प्रश्नामुळे लागली. अशा योजनेची गुणवत्ता विद्यापीठाच्या नावावरून ठरवण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ती उमेदवाराचे काम बारकाईने पाहायला कोणाला वेळ दिलेला आहे यावरून ठरते. असा वेळ जिथे कोणाच्या वाट्याला ठेवलेला नसतो, तिथे उमेदवार वर्षानुवर्षे तीच टिकेट बंद करत राहतो, पदवी मिळते, पण तिचा आणि कामाचा एकमेकांना स्पर्श होत नाही.

या व्यवस्थेत उमेदवाराला पडणारे कष्टही नोंदवले पाहिजेत. पाच दिवस काम आणि शनिवारी वर्ग असल्याने रविवार गृहपाठात जातो. रिलीज, म्हणजे नवा कोड ग्राहकाकडे वापरात नेण्याची तारीख, आणि सत्रपरीक्षा एकाच आठवड्यात येतात, कारण दोन्ही वेळापत्रके ठरवणारी माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई ही देवी बसते, भाऊबंद एकत्र येऊन रोटांसाठी गहू मोजतात, आणि त्या रविवारी खानदेशाबाहेर परीक्षेची तयारी करत बसणाऱ्याला सुट्टी का नाही हे घरच्यांना पटवणे अवघड जाते. भाषेचा ताण आणखी वेगळा : घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी आणि ग्राहकाच्या ‘कॉल’वर थेट इंग्रजी, असा प्रवास करणारा उमेदवार पहिले काही महिने उत्तर ठाऊक असूनही गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘येत नाही’ असा लावला जातो. बोलण्याच्या सरावाला तांत्रिक प्रशिक्षणाइतकाच वेळ दिला, तर ही मुले चटकन पुढे येतात, हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

हा सारा खटाटोप पुण्या-बंगळुरातच व्हावा असे मात्र नाही. जळगावजवळ बांभोरीच्या परिसरात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, एक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि भवरलाल जैन यांनी उभारलेल्या जैन इरिगेशनचा प्लास्टिक पार्क एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. ठिबक सिंचनात पाणी व खत केव्हा आणि किती सोडायचे हे आता नियंत्रक उपकरणे आणि सॉफ्टवेअर ठरवू शकतात, आणि केळीच्या बागेत त्या निर्णयाचा परिणाम काय होतो हे येथील मुलांना लहानपणापासून ठाऊक असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या तत्त्वांत विद्यापीठ आणि कारखाना यांनी मिळून घडवलेल्या अशा स्थानिक पदवीला जागा आहे. त्यासाठी विद्यापीठाच्या शिक्षकाला आठवड्यातून एक दिवस कारखान्यात बसण्याची मुभा, कारखान्यातील एका अनुभवी अभियंत्याला उमेदवारांचे काम तपासण्यासाठी राखून ठेवलेले तास आणि गुणपत्रिकेवर दोघांचीही सही, इतक्या तरतुदी आधी कागदावर याव्या लागतील.