चार चाकांचा हिशेब

गाडी चार चाकांवर उभी असते. पण भार चौघांवर सारखा नसतो. मामांच्या गॅरेजात शर्यतीची एक मोटार आली, तेव्हा हे आकड्यांत पाहिले. समपातळी फरशीवर चार चाकांखाली चार काटे मांडले. चाकांत हवा नेमकी भरली. चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवली. एकूण भार १००० किलो. पुढे डावीकडे २७०, उजवीकडे २५०. मागे डावीकडे २३०, उजवीकडे २५०. म्हणजे तिरप्या जोड्यांपैकी एकीवर ५२०, दुसरीवर ४८०! अशी गाडी एका अंगाला शहाण्यासारखी वळते, दुसऱ्या अंगाला हट्ट करते.

मामांनी पुढच्या उजव्या स्प्रिंगखालची आट्यांची कडी थोडी वर फिरवली. तो कोपरा किंचित उचलला गेला. उचललेले हलके व्हावे, असे कोणालाही वाटेल. काटा मात्र २६० वर गेला! तिरपे समोरचे मागचे डावे चाक २४० वर. उरलेली दोन्ही दहा-दहा किलोंनी हलकी. दोन्ही जोड्या ५००. एकूण भार होता तेवढाच.

ज्याला उचलावे त्याच्यावर भार वाढतो, आणि दूरच्या, नजरेआडच्या कोपऱ्यावरही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्यावरच्या अपेक्षांबद्दल सगळे बोलतात. पण आठवीत शाळा सोडून शिलाई मशीनवर बसलेल्या ताईचा काटा कोण वाचतो? मामा म्हणतात, एक कोपरा फिरवला की चारही काटे पुन्हा वाचायचे. यंदा ताईचा दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरायचाच, असा हट्ट मी घरी धरला आहे.