अगोदर शोधन, मग रसायन

यंत्राची गोष्ट निघाली कीं आमच्यासारख्या पंतोजीनें दोन पावलें मागें सरावें, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या घरांतील चार माणसांची मीठभाकर एका जुन्या डिझेल गाडीवर चालते, त्या घरांतील माणसास यंत्रापासून फार काळ अलिप्त राहतां येत नाहीं. म्हणून शब्द आणि धातू चालविण्यांत ज्याचा जन्म गेला, तो मी आज काजळीविषयीं चार शब्द लिहीत आहें. ज्यांच्या दारांत अशी गाडी उभी आहे, त्यांना ते उपयोगीं पडतील अशी आशा आहे.

आमचें किनवट पैनगंगेच्या खोऱ्यांत, सागाच्या जंगलांनीं वेढलेलें. जिल्ह्याचें ठिकाण नांदेड येथून शंभर किलोमीटरांहूनही दूर. आदिलाबाद त्या मानानें जवळ, पण तें पडलें तेलंगणांत. आगगाडी आहे, परंतु ती आपल्या वेळेनें येते व दुखणें आपल्या वेळेनें येतें. माहूरची रेणुका, उनकेश्वरचे उष्णोदकाचे झरे, सहस्रकुंडाचा धबधबा, या सर्व ठिकाणीं जाणाऱ्यांना आणि आडगांवच्या आजाऱ्यांना वर्षानुवर्षें आधार झाला तो जुन्या डिझेल गाड्यांचाच. आमच्या पुतण्याची गाडी त्यांपैकींच एक. ती कोणत्या कारखान्याची, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण ज्या विकाराविषयीं लिहावयाचें तो त्या साऱ्या कुळाचाच आहे.

पेट्रोलच्या यंत्रांत ठिणगी लागते. डिझेलच्या यंत्रांत ती नसते. रुडॉल्फ डीझेल याचें यंत्र १८९७ सालीं जर्मनींत यशस्वी झालें, त्याचें मर्म हेंच कीं, हवा अतिशय दाबली असतां ती तापते आणि तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. अरणीमंथनानें अग्नि सिद्ध होतो हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांना यांत नवल वाटूं नये. तेथें घर्षण, येथें दाब, काडी मात्र दोहींकडेही नाहीं. पुढें १९०९ सालीं प्रॉस्पर लोरांज या जर्मन अभियंत्यानें सिलिंडराच्या माथ्यावर एक चिमुकली कोठडी योजिली. तेल प्रथम तींत पेटावें आणि ज्वाळा बारीक छिद्रांतून खालीं जावी, अशी ही रचना. १९३६ सालच्या मर्सिडीज-बेन्झच्या २६० डी या मोटारींत हीच रचना होती. त्याच कारखान्याचें ओएम ६१६ हें चार सिलिंडरांचें यंत्र पुढें पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीनें परवान्यानें बनविलें आणि ट्रॅक्स व ट्रॅव्हलर या गाड्यांतून तें महाराष्ट्रभर फिरलें. या कंपनीस २००५ सालापासून फोर्स मोटर्स हें नांव आहे.

कोठडीमुळें यंत्राचा आवाज सौम्य होतो, परंतु तिच्या गार भिंती हवेची ऊब शोषून घेतात. म्हणून प्रत्येक कोठडींत विजेनें तापणारी एक बोटभर कांडी बसविलेली असते. गॅरेजांत तिला हीटर प्लग म्हणतात. थंडींत चावी फिरवून प्रथम ही कांडी लाल होऊं द्यावयाची, मग यंत्र चालू करावयाचें.

अर्धवट जळालेल्या तेलाची काजळी या कांडीभोंवतींच्या अरुंद भोंकांत हळूहळू सांठते आणि दगडासारखी घट्ट होते. मग कांडीची ऊब कोठडीपर्यंत पोंचत नाहीं. ती जागच्या जागीं कोंडते आणि कांडीचेंच टोंक जाळते. काजळी स्वभावानें वाईट नव्हे. आमच्या पोथ्यांची शाई तिचीच केलेली असे. पण तिचें स्थान चुकलें कीं ती मळ होते.

दोन वर्षांमागें पौषांत हा मळ आमच्या घरास फार महाग पडण्याची वेळ आली होती. पहाटे चार वाजतां सूनबाईस कळा सुरू झाल्या. पुतण्यानें चावी फिरविली. यंत्र घुरघुरलें, पांढरा धूर निघाला, पण तें पेट घेईना. दहा मिनिटांत बॅटरी बसली. आळींतल्या सात-आठ जणांनीं धक्का दिला, तरी व्यर्थ. अखेर शेजारच्या वाडींतून दुसरी गाडी आली, परंतु तास गेला तो गेलाच. मूल दवाखान्याच्या पायरीवर झालें नाहीं, इतकेंच. दोघेंही सुखरूप आहेत, ही देवाची कृपा.

गंमत अशी कीं, चारही प्लग दिवाळींतच नवे घातले होते! पुतण्या संतापून म्हणाला, “काका, मी ही गाडी विकून टाकतो.” त्यावर वहिनी आंतून म्हणाल्या, “अरे, समईंत नवी वात घालण्याआधीं काजळी पुसतों ना आपण? तुझ्या गाडीची कोणी पुसली का?”

यंत्राचें ओ कीं ठो न कळणाऱ्या त्या माउलीनें नेमकें वर्मावर बोट ठेविलें होतें. एका वयोवृद्ध मिस्त्र्यानें येऊन तेंच सांगितलें, आणि त्याचें काम मीं शेजारीं बसून पाहिलें. त्यानें प्रथम बॅटरी भरून, बऱ्याच खटपटीनें यंत्र चालू करून गरम केलें. थंड यंत्रांत अडकलेला प्लग जोरानें काढूं जातां तुटतो आणि मग सारा माथा उतरावा लागतो. प्लग निघाले ते टोंकाशीं फुगलेले. मग भोंकाच्या मापाचा, खांचांचा रीमर घेऊन त्यानें खांचांत ग्रीस भरलें आणि तो हातानें, सावकाश, एकाच दिशेनें फिरविला. थोडें फिरवून बाहेर काढावयाचा, ग्रीसला चिकटलेली काजळी पुसावयाची, पुन्हां नवें ग्रीस भरावयाचें. विजेचा ड्रिल त्यानें जवळही येऊं दिला नाहीं. त्यानें धातूचा कीस आंत पडतो आणि आटे बिघडतात. शेवटीं डिझेल बंद ठेवून, भोंकांवर फडकें धरून, त्यानें चार-दोन सेकंद स्टार्टर फिरविला, तेव्हां उरलासुरला चुरा दाबलेल्या हवेबरोबर बाहेर आला. नंतर नवे प्लग प्रथम बोटांनीं बसविले व शेवटीं पान्यानें बेतानेंच आवळले. दुसऱ्या दिवशीं पहाटे गाडी पहिल्याच फेऱ्यास सुरू झाली.

सुश्रुतसंहितेंत रसायनाच्या प्रकरणीं सांगितलें आहे कीं, शोधन न झालेल्या शरीरांत रसायन फळत नाहीं. मळक्या वस्त्रावर रंग चढत नाहीं, तसें तें होय. नवा प्लग हें रसायन, भोंक साफ करणें हें शोधन. आमच्याकडे रसायनास पैसा निघतो, पण शोधनास वेळ निघत नाहीं. आणि काजळी लवकर लवकर सांठत असेल तर नोझल तपासावें. रोगाचें मूळ तेथें असण्याचा संभव असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी. फार जुन्या गाड्यांत चारही प्लग एका तारेंत माळेसारखे ओंवलेले असत. एक जळाला कीं चारही थंड पडत, आणि दोष तत्काळ उघडा होई. नंतरच्या मांडणींत प्रत्येकास वीज स्वतंत्र मिळते. त्यामुळें एक निकामी झाला तरी उरलेले तीन त्याचें ओझें ओढतात, आणि सारा उन्हाळा-पावसाळा कोणास पत्ता लागत नाहीं. एकत्र कुटुंबांत वावरलेल्या वाचकांस याचा अधिक खुलासा नको. म्हणून प्रत्येक प्लग निरनिराळा तपासावा, आणि तोही गाडी अडल्यावर नव्हे.

थेट सिलिंडरांत तेल फवारणाऱ्या नव्या यंत्रांत ही कोठडी नसते. जुन्या गाड्या आतां दिवसेंदिवस कमी होत चालल्या आहेत. तथापि ज्यांच्या घरीं त्या अजून आहेत, त्यांनीं दसऱ्यास हारफुलें वाहण्याआधीं, पाऊस उघडतांच, एक दिवस या कामास द्यावा. आमच्या घरीं आतां तसा प्रघातच पडला आहे. त्या दिवशीं वहिनी समया घासावयास काढतात आणि पुतण्या प्लग.