बागा बीचचा बेत आणि आईंचा चौविहार



दिवाळीनंतर बऱ्याच जणींनी विचारलं, "यंदा कुठली यात्रा?" यंदा यात्रा नाही. यंदा आम्ही गोव्याला निघालोय, आणि गोव्यातही शांत बाजूला नाही, बागा बीचला. जिथे रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात तोच. माझ्या मोठ्या जाऊबाई हे ऐकून फक्त "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"चा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

हट्ट लेकीचा. फेब्रुवारीत तिचं लग्न आहे, सासर बंगळुरूचं. त्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून समुद्रावर जायचं आणि तो समुद्र गजबजलेला हवा, हे तिच्या डोक्यात भरवलं आमच्या भाचीने. नणंदेची ही मुलगी न्यू जर्सीला असते. गेल्या हिवाळ्यात ती नवऱ्याबरोबर कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावर, नेग्रिलला जाऊन आली. लांबच लांब वाळू, निळंशार पाणी, संध्याकाळी वाद्यं आणि कड्यावरून समुद्रात उड्या मारणारी माणसं, असे व्हिडिओ महिनाभर आमच्या घरात फिरत होते. मी फोनवर तिला एकच विचारलं, "जेवलीस काय?" ती म्हणाली, "मामी, तिथले रास्ताफारी पंथाचे पुष्कळसे लोक मांस खात नाहीत. त्यांच्याकडे भाज्या मिळाल्या. पण भाज्या म्हणजे याम, कसावा, रताळं!" म्हणजे सगळं जमिनीखालचं. तिने ते दिवस भात, केळी आणि घरून नेलेल्या खाखऱ्यांवर काढले.

जमैका आपल्या आवाक्यातलं नाही. बागा एका रात्रीवर आहे.

ह्यांचं म्हणणं होतं की गुहागरला जाऊ, नाहीतर जवळ केळव्याला. तिथे शांत असतं. मला शांततेचं एवढं कौतुक नाही. वीस वर्षं भिवंडीत लूमच्या खटखटीत संसार केलेल्या बाईला गजबजाट काय नवा? ईदला आणि दिवाळीला लूम बंद असतात तेव्हाच मला झोप लागत नाही. मी लेकीच्या बाजूने मत दिलं.

पण खरा प्रश्न आईंचा होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७४, गुडघे दुखरे, आणि लग्नाआधीपासूनचा चौविहार. सूर्यास्ताच्या दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं आधी त्यांचं अन्नपाणी बंद होतं ते दुसऱ्या दिवशी नवकारसीलाच सुरू. दिवसभर उकाळलेलं पाणी. बेत ऐकल्याबरोबर त्या म्हणाल्या, "तुम्ही जा गं सगळे. माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको." आपल्या घरांत या एका वाक्यावर किती सहली मोडल्या असतील! पालिताण्याला, शंखेश्वरला आम्ही आईंबरोबर गेलो. महाबळेश्वर, उटी, केरळ त्यांच्याशिवाय. दर वेळी त्या दारात उभ्या राहून मांगलिक म्हणायच्या आणि आम्ही निघायचो. लेकीने या वेळी सरळ सांगितलं, "आजी येणार नसेल तर मी मैत्रिणींबरोबर जाते, तुम्हीही राहा."

मग आम्ही दोघी पंचांग, सूर्यास्ताचा तक्ता आणि रेल्वेचं वेळापत्रक घेऊन बसलो. गावाला जायचा बेत एरवी हॉटेलपासून सुरू होतो, आमचा तिथीपासून झाला. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चातुर्मास, त्यामुळे दिवाळीची सुट्टी बाद. मे महिना लेकीला सोयीचा नाही. नाहीतर मेअखेरीस गोव्यात सूर्य जवळजवळ सातला मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र सहालाच. जवळपास तासाभराचा फरक. पण तेव्हा उकाडा असतो आणि पावसाच्या तोंडावर समुद्रही खवळायला लागतो. नाताळाच्या आठवड्यात गर्दी आणि भाडी, दोन्ही नकोत. ३ डिसेंबरला ओल्ड गोव्याला सेंट झेवियरचं फेस्त असतं, तेव्हाही रस्ते भरलेले. पोष दशमीला आईंचा अट्ठम ठरलेला. पाचम, आठम, चौदस त्या हिरवी भाजी खात नाहीत. हे सगळं वजा करून हातात राहिले शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस. पुरे आहेत.

गाडी ठरवताना मला फार मजा आली. मांडवी एक्सप्रेसचं सगळे कौतुक करतात, पण ती दिवसा निघून रात्री मडगावला पोचते. म्हणजे संध्याकाळचं जेवण गाडीतच. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकरानंतर सुटते, मध्यरात्रीच्या सुमारास ठाण्याला येते. आपण घरी पाच वाजता जेवून, आवरून, काशेळीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास गेले तरी वेळेत ठाण्याला. रात्री खायचा प्रश्नच नाही. कोकणात कुठेतरी उजाडतं, नवकारसी गाडीतच येते आणि सकाळी थिवी. बागाला जायचं तर मडगावपर्यंत जाऊ नका, थिवी जवळ पडतं. ही कोकणकन्या चौविहार करणाऱ्यांसाठीच सोडली आहे असं मी ह्यांना म्हटलं. आईंच्या लहानपणी कोकणात रेल्वेच नव्हती. पूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत सुरू झाला. तिकिटं ६० दिवस आधी निघतात. दोन खालच्या बर्थ मिळाल्या, आईंना आणि मला.

आता डबा. ठेपले दुसऱ्या दिवशी वासी होतात, म्हणून गाडीतल्या सकाळी ठेपले नाहीत, खाखरे. हिवाळ्यात खाखरा आणि सुखडी महिनाभर चालते, चातुर्मासात हाच काळ पंधरा दिवसांचा असता, त्यामुळे डिसेंबरचा हा एक फायदा. उकाळलेल्या पाण्याचा काळ हिवाळ्यात चार प्रहर, म्हणजे बारा तास; म्हणून स्टीलची किटली आणि दोन मोठे थर्मास सोबत.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा शोधली, बागापासून थोडी अलीकडे कांदोळीला. गोव्यात शाकाहारी मिळतंच, सारस्वतांच्या देवळांकडचं जेवण तर कांदा-लसणाशिवायचं असतं. पण शाकाहारी म्हणजे जैन नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांचं खतखतं किती नावाजलेलं! त्यात मुळा, रताळं, सुरण. सोलकढीत बहुतेक ठिकाणी लसूण. प्रत्येक ठिकाणी वेटरला समोर उभं करून "जमिनीखालचं काही नाही ना?" विचारत बसण्यापेक्षा मी कुकर नेईन. आम्ही शुक्रवारी पोचतोय आणि म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारचाच. तोंडली, कच्ची केळी, दुधी तिथेच घेऊ. मोयऱ्याची केळी चाखायची आहेत.

राहिला बीच. बागाचा दिवस सूर्यास्तानंतर उजाडतो आणि आपला तेव्हा संपतो, ही जाऊबाईंची शंका. मी कागदावर वेळा मांडल्या. पाच वाजता खोलीवर जेवण. सव्वापाचच्या आत आईंचं पच्चक्खाण, आमचं पावणेसहाला. मग बीचवर, आपली सतरंजी अंथरून. सहाच्या सुमारास सूर्य पाण्यात. त्यानंतर गाणी ऐकायला, माणसं बघायला, चालायला कोणी अडवलंय? नियम खाण्यापिण्याचा आहे, ऐकण्याचा नाही. शॅकमध्ये बसलं की काहीतरी मागवावं लागतं, म्हणून शॅकमध्ये बसायचं नाही. आठ-साडेआठला प्रतिक्रमणाची वेळ धरून परत.

लेक यावर गप्प राहिली. कॉलेजपासून तिचा चौविहार सुटला आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला एक संध्याकाळ शॅकवर बसायचंय. लिंबू-सोडा घेईन, अजून काही नाही." मी आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "तिविहार कर की मग. रात्री नुसतं पाणी चालेल. लिंबू-सोडा दुपारी घे, शॅक दुपारीही उघडाच असेल ना?" लेक हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मी ते तिथेच सोडलं. लग्नाला अडीच महिने उरलेल्या मुलीला मी पच्चक्खाण हातात कोंबणार नाही.

पाण्यात उतरण्याचा विषय मोठा होता. पाणी हाच जीव, अप्काय. त्यात तासन्‌तास डुंबणं आईंना पटत नाही आणि त्यांच्या पाठशाळेत शिकलेल्या मलाही मोकळं वाटत नाही. जंबुद्वीपाला वेढणारा दोन लाख योजनांचा लवणसमुद्र त्यांनी भिवंडीच्या शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलाय. स्वतः पाहिलेला समुद्र म्हणजे गिरगाव चौपाटी. तोडगा त्यांनीच काढला. रोज सकाळी त्या चौदा नियम धारतात, त्यात न्हाणाचीही मर्यादा असते. "समुद्रात उतरायचं तर त्या दिवशीचं न्हाण तेच. खोलीवर मीठ काढण्यापुरती अर्धी बादली. शॉवर नाही." लेकीला हे एकदम मान्य! मी मनात हिशोब केला, घरी ती शॉवरखाली जेवढा वेळ असते तेवढ्यात समुद्रस्नान आटोपेल. उतरायचं तेही जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांमध्येच, आणि उजेड आहे तोवर. अंधारात पाण्यात जाऊ नका हे तिथले जीवरक्षकही सांगतात.

"आणि आजी, तू?"

"मी काठावर बसेन."

"लाट आली तर?"

"लाट आपणहून आली तर ती तिची जबाबदारी," आई म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या कागदावर सुटत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी सकाळी अजून रापण ओढतात. दोन्ही टोकांना माणसं लागून मोठं जाळं वाळूवर आणतात, त्यात तडफडणारी मासळी असते. बीच सकाळीच मोकळा आणि आईंना चालायला सोयीचा, आणि नेमकं तेव्हाच हे दृश्य. मी आधीच सांगून ठेवलं. त्यांनी विचार करून विचारलं, "ती त्यांची रोजीरोटी ना?" हो म्हटलं. "दिसलं तर मागे फिरू. नवकार म्हणू. त्यांना काही बोलायचं नाही." लेकीला हे आवडलं, कारण आमच्या एका नातेवाइकांनी प्रवासात कोणाच्या तरी ताटावरून घातलेला वाद ती अजून विसरलेली नाही.

रविवार कुडण्यासाठी राखलाय. डिचोली तालुक्यातल्या या गावात कदंबांच्या काळातल्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. लोक त्याला गुजीर म्हणतात; गुजर व्यापाऱ्यांवरून हे नाव पडलं असंही सांगतात. फोंड्याजवळ बांदिवड्यालाही नेमिनाथांच्या बस्तीचे अवशेष आहेत, पण आईंचे गुडघे पाहता एकच होईल. तिथे पूजा नसते, मूर्ती जागेवर नाही, नुसत्या जांभ्या दगडाच्या भिंती. तरी आईंनी पूजेची डबी बॅगेत टाकली आहे. मी काढायला सांगितलं नाही.

खाखरे या रविवारी करायला घेते, मेथीचे आणि जिऱ्याचे. कांदोळी-कळंगुट भागात तुमच्यापैकी कोणी स्वयंपाकघरासकट जागा घेऊन राहिलं असेल तर मला नक्की कळवा, शेगडी दोन बर्नरची असते का? जागेच्या फोटोत स्विमिंग पूल चारही बाजूंनी दाखवलाय, शेगडी एकाही फोटोत नाही.